कार्तिकातले कास

आश्विन सरून कार्तिक लागला, पठारावरील सोनकीचा पिवळा अंमल खालसा झाला आणि हौशी प्रेक्षकांची वर्दळ ओसरली, की साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरांवरचे कासचे तळे आपल्या मूळच्या एकांतात पुन्हा रुजू होते. म्हणूनच युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारशाच्या दप्तरी नोंदविलेले ते पुष्पवैभव दरसाल जाणूनबुजून चुकवून आम्ही दोघे मित्र, कोणी अरसिक म्हणो, कलत्या उन्हात काठाकाठाने हिंडतो. स्नेही सांगलीचे. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा ज्यांच्या माजघरात पाणी शिरून वडिलार्जित कागदपत्रांचा लगदा झाला, ते हे गृहस्थ, याच डोंगरातून निघणारी उरमोडी पुढे कृष्णेलाच मिळते हे पक्के ठाऊक असूनही, त्या निश्चल जलाकडे विलक्षण वात्सल्याने पाहत राहतात. “लहानपणी किती गरीब दिसते हो!” ते यंदा एवढेच म्हणाले. मी सातारकर, मला उत्तर सुचले नाही. इंग्रजी अमदानीत बांधलेल्या या तळ्याचे पाणी उताराच्या बळावर आजही आमच्या शहरात येते, आणि सकाळचा चहा त्याचाच होतो.