गिझर बदलताय? जागाही बदला!

आमचा जुना गॅस गिझर यंदा एकदाचा ‘गेला’. नवा कुठला, यावर घरात जोरदार चर्चा! आईला पाणी पटकन हवं, बाबांना बिल कमी. पण मित्रांनो, तो बसवायचा कुठे हे कुणी विचारतच नाही. जुना बाथरूममध्ये होता, म्हणून नवाही तिथेच.

जरा गणित करू. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण साडेदहा किलोवॅट लागतात. विजेचा इन्स्टंट गिझर असतो ३ किलोवॅटचा! एवढी आग बंद बाथरूममध्ये, आपल्याच वाट्याच्या ऑक्सिजनवर. तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळलेला असतो, याला वासच नाही. दुकानदार ‘फ्लेम फेल्युअर सेफ्टी’ दाखवतो, पण ती ज्योत विझली तर गॅस बंद करते. मोनॉक्साइड तिला कळत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. गिझर बाहेर, मोकळ्या हवेत. आत फक्त गरम पाण्याचा पाइप. खर्च थोडा वाढेल, वाढू दे. बाहेर जागाच नसेल तर सरळ विजेचा घ्या. बाबा म्हणतात, एक्झॉस्ट फॅन आहे ना! आहे, पण डिसेंबरच्या थंडीत सकाळी सहाला तो लावतो कोण?