इलाज संपल्यावर कोण बोलणार?

मा. आयुक्त, ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका, तसेच मा. जिल्हा शल्यचिकित्सक, ठाणे यांस,



‘आता औषधानं किंवा ऑपरेशननं नजर परत येणार नाही.’ नेत्रविभागात हे ऐकून बाहेर पडणाऱ्या माणसासाठी पुढं काय सोय आहे, हे विचारायला हे पत्र लिहिते आहे. मोतीबिंदूची शिबिरं होतात, व्हायलाच हवीत. पण काचबिंदू, मधुमेहानं खराब झालेला पडदा, रेटिनायटिस पिगमेंटोसा यांनी गेलेली नजर बहुतेकदा परत येत नाही. अशा माणसाच्या हाती केसपेपर उरतो आणि दिव्यांग प्रमाणपत्राच्या रांगेचा पत्ता. त्यानंतर त्याचं जे होतं ते घरात होतं, कुठल्याच नोंदवहीत येत नाही.

माझ्या थोरल्या भावाचं सांगते. सरकारी कचेरीत कारकून, आजार काचबिंदू. नजर अधू होत गेली तसा दादा आधी गप्प झाला, मग चिडका. चहाचा कप वहिनीनं हातात द्यायचा, शर्टाची बटणं तिनंच लावायची. सोसायटीतलं कुणी भेटू नये म्हणून अंधार पडल्यावरच खाली उतरायचा. ‘जगून काय करू’ असं तो जेवता जेवता म्हणायचा आणि आम्ही विषय बदलायचो. एके दुपारी त्यानं वहिनीला विचारलं, ‘भिंतीवर ही जाळी कुणी लावली?’ जाळी नव्हतीच. वहिनी घाबरली, ते त्याला आवाजावरून कळलं. पुढं त्याला बुटकी, टोपी घातलेली माणसं दिसायला लागली, पण त्यानं कित्येक महिने तोंडातून शब्द काढला नाही. ठाण्याला नेऊन टाकतील, ही भीती. आपल्या भागात ‘ठाण्याला नेणं’ म्हणजे मनोरुग्णालयात टाकणं, हे आपण जाणता.

या प्रकाराला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात. जिनिव्हाच्या शार्ल बोने यांनी १७६० मध्ये, नजर अधू झालेल्या आपल्या आजोबांना दिसणाऱ्या आकृत्यांची नोंद केली होती. डोळ्यांकडून येणारी माहिती आटली की मेंदू स्वतःच चित्रं रचतो. ते वेड नव्हे. हे दादाला फार उशिरा कळलं, आणि त्या रात्री तो शांत झोपला.

तोवर त्यानं राजीनामाही लिहून ठेवला होता. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा हुद्दाही उतरवता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं हे कलम २०(४). आम्हाला ते कचेरीत किंवा दवाखान्यात कुणी सांगितलं नाही. तपासणीला मुंबईला जाताना लोकलच्या दिव्यांग डब्यात भेटलेल्या एका अंध गृहस्थांनी सांगितलं. फलाटावर डब्याच्या जागी वाजणारी बीप कशी धरायची, मोबाईल मराठीत बोलता कसा करायचा, तेही त्यांनीच दाखवलं. डोंबिवली ते दादर एवढ्या प्रवासात दादा त्यांच्याशी जितकं बोलला, तितकं आमच्याशी वर्षभरात बोलला नव्हता.

धीर द्यायला लोक उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचं नाव घेतात. त्यांच्या आयएएस होण्याचं मोल मोठंच आहे. पण त्यांची नजर सहाव्या वर्षी गेली. पन्नाशीच्या माणसाला आधीचं अख्खं आयुष्य उचलून बाजूला ठेवावं लागतं. त्याला आधी रडायला जागा हवी. उदाहरणं नंतर.

म्हणून मागणं एवढंच: कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर आणि ठाण्याचं सिव्हिल, जिथं जिथं डोळे तपासले जातात तिथं शेजारच्या खोलीत एक समुपदेशक बसवा. ‘इलाज नाही’ हे सांगितल्यावर डॉक्टरांनी रुग्णाला आणि घरच्यांना त्याच दिवशी तिथं पाठवावं. या कामाला स्वतः मोठेपणी नजर गमावलेली माणसं प्रशिक्षण देऊन घ्या. डब्यात आम्हाला जे मिळालं ते योगायोगावर सोडू नका. ब्रिटनमध्ये कित्येक नेत्ररुग्णालयांत असा संपर्क अधिकारी असतो.

पायाभूत गोष्टी इथं आहेतच. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून रात्रंदिवस चालतो, मराठीतही. पण भिंतीवरच्या फलकावर छापलेला क्रमांक या रुग्णांना वाचता येत नाही. तो त्यांच्या मोबाईलमध्ये तिथल्या तिथं घालून द्या, एकदा लावूनही दाखवा. आणि महिन्याभरानं रुग्णालयातून आपणहून फोन करा, कारण असा माणूस स्वतःहून परत येत नाही. दादाही गेला नसता.

दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २७ पुनर्वसनाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणांवरही टाकतं, आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा ५ टक्के निधी महापालिकांकडे असतो. त्यातून समुपदेशकाच्या खोलीचा आणि पगाराचा खर्च येत्या अंदाजपत्रकात घालणार का, हे कृपया लेखी कळवावं.

आपली,
डोंबिवलीची एक रहिवासी