डीएनए म्हणजे कोड नाही, आणि हे आपणच सांगायला हवं

दर दोन-तीन महिन्यांनी माझ्या फीडमध्ये एक पोस्ट फिरत फिरत येते. 'डीएनए हे जगातलं सगळ्यात जुनं सॉफ्टवेअर आहे.' खाली आमच्याच क्षेत्रातल्या लोकांचे ढीगभर लाइक्स. मग कोणीतरी लिहितं, 'आणि एकही कॉमेंट नसलेला लेगसी कोड!' त्यावर हसणाऱ्या इमोजी. पूर्वी मीही हसायचे. आता येत नाही हसू.

कारण सांगते. २०२३च्या पावसाळ्यात एका रात्री आमची सिस्टीम आडवी झाली. एक सर्व्हिस जराशी मंदावली. तिला विचारणाऱ्या बाकीच्या सर्व्हिसेसना वेळेत उत्तर मिळालं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. त्या वाढीव प्रश्नांमुळे ती आणखी मंदावली, म्हणून आणखी जणींनी आणखी वेळा विचारलं. वीस मिनिटांत सगळं ठप्प. बॅकएंडवर काम करणाऱ्या कोणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. यात कोणताच भाग चुकीचा वागत नव्हता. प्रत्येक जण लिहून दिल्याप्रमाणेच वागत होता.

सकाळी मीटिंग झाली. फॉर्ममध्ये 'मूळ कारण' असा एक रकाना असतो. एकच रकाना, एकच ओळ. आमच्या टीममधल्या एका ज्युनिअर मुलाने आदल्या संध्याकाळी एका टाइमआउटची किंमत बदलली होती. तो बदल दोघांनी तपासून मंजूर केला होता. त्यातली एक मी. रकान्यात त्या मुलाचा बदल गेला. मीटिंग संपता संपता एक वरिष्ठ म्हणाले, "काही लोकांच्या डीएनएमध्येच इंजिनिअरिंग नसतं." तो मुलगा डिप्लोमा करून डिग्रीला आलेला, घरातला पहिला इंजिनिअर. तेव्हा या वाक्याचा रोख सगळ्यांना कळला. मी काही बोलले नाही. डिसेंबरमध्ये त्याने नोकरी सोडली.

त्याच वर्षी २२ सप्टेंबरला अमेरिकेत एव्हलिन फॉक्स केलर वारल्या. वय ८७. मी हे नाव तोवर ऐकलंही नव्हतं. एका मृत्युलेखातून त्यांच्या लेखनाकडे गेले आणि पुढचे काही महिने तिथेच अडकले. कारण आमच्या त्या रकान्यावर आणि त्या वाक्यावर, म्हणजे दोन्हींवर, या बाईंनी कित्येक वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. त्यांचा विषय मात्र सर्व्हर नव्हता, बुरशीसारखे दिसणारे अमीबा होते.

केलर मूळच्या भौतिकशास्त्राच्या. जन्म १९३६चा, न्यूयॉर्कमधला, रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला. ब्रँडाइसमधून पदवी घेऊन हार्वर्डला सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकायला गेल्या. तिथे काय वाट्याला आलं ते त्यांनी १९७७च्या एका निबंधात लिहिलंय. आपल्याला विषय समजतोय असं त्यांनी सांगितलं, तर समजणं शक्यच नाही असं उत्तर मिळे. भीती वाटत नाही हाच अज्ञानाचा पुरावा मानला जाई. त्या रेणूजीवशास्त्राकडे वळल्या, जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूवर प्रबंध लिहिला आणि १९६३ साली भौतिकशास्त्रातच पीएचडी मिळवली. पुढे गणित आणि जीवशास्त्र यांच्या सांध्यावर त्यांनी काम केलं. त्यातलं एक काम आजही रोज वापरलं जातं.

डिक्टिओस्टेलियम नावाचा एक अमीबा आहे. जंगलातल्या मातीत एकेकटा फिरतो, जिवाणू खातो. खाणं संपलं की हे हजारो एकटे जीव एका जागी गोळा होतात आणि सगळ्यांची मिळून एक गोगलगायीसारखी सरपटणारी गोळी होते. ती पुढे उभी राहते. साधारण पाचवा हिस्सा पेशी देठ होऊन मरतात, उरलेल्या देठाच्या टोकावर बीजाणू होऊन पुढच्या पिढीची वाट बघतात. गोळा होण्यासाठी या पेशी सायक्लिक एएमपी नावाचं रसायन सोडतात आणि ते जिथे जास्त तिकडे सरकतात.

प्रश्न असा होता की सुरुवात कोण करतं? त्या काळातलं वजनदार उत्तर होतं की काही खास पेशी असतात, त्या आधी इशारा देतात, बाकीच्या मागे येतात. १९७० साली केलर आणि गणितज्ञ ली सेगल यांनी समीकरणं मांडून दाखवलं की अशा खास पेशींची गरजच नाही. सगळ्या पेशी सारख्या असल्या तरी चालतं. उपासमारीने त्यांची संवेदनशीलता पुरेशी वाढली की समान पसरलेली स्थिती अस्थिर होते. कुठेतरी योगायोगाने चार पेशी जास्त असतात, तिथे रसायन जरा जास्त साठतं, म्हणून आणखी पेशी येतात, म्हणून आणखी रसायन. आमच्या त्या रात्रीसारखंच. केलर-सेगल समीकरणं आज गणिताच्या एका अख्ख्या शाखेचा पाया आहेत.

पण जीवशास्त्रज्ञांनी पुढची कित्येक वर्षं खास पेशींचीच भाषा चालू ठेवली. या निरीक्षणावर केलर यांनी १९८३ साली निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं नीट ऐका, कारण त्याचा विपर्यास फार सोपा आहे. गोळा होण्याला केंद्रं असतात आणि तिथून लाटा निघतात, हे कोणीच नाकारत नव्हतं. प्रश्न हा होता की त्या केंद्रातल्या पेशी आधीपासूनच वेगळ्या होत्या, की तिथे असल्यामुळे केंद्र झाल्या? आधीपासून वेगळ्या असल्याचा पुरावा हाती नसताना लोकांनी ते धरून चालायला सुरुवात केली. केलर म्हणतात, आपल्याला एक हुकूम देणारा आणि बाकीचे ऐकणारे असं चित्र लवकर पटतं. ते पटलं की दुसरे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

इथे मला आपल्याच लोकांशी भांडायचं आहे. कारण हे आपल्याला पक्कं माहीत आहे! राफ्ट अल्गोरिदम वापरणारी कोणतीही सिस्टीम बघा. तिथे लीडर लागतो, पण तो जन्माने ठरत नाही. प्रत्येक नोड यादृच्छिक वेळ थांबतो, ज्याची वेळ आधी संपते तो निवडणुकीला उभा राहतो, आणि त्याचा लॉग अद्ययावत असेल व बहुमत मिळालं तर तो लीडर. तो पडला तर दुसरा. मशिनांच्या बाबतीत आपण इतके शहाणे आहोत. माणसांची गोष्ट आली की लगेच 'जन्मजात लीडर' आणि 'रक्तातच कोडिंग' सुरू.

आता डीएनएकडे येते. 'जनुकीय प्रोग्रॅम' हा शब्दप्रयोग जीवशास्त्रात रुळला तो १९६१ साली. फ्रान्समध्ये झाकोब आणि मोनो, अमेरिकेत एर्न्स्ट मायर, असा दोन्हीकडून. कॉम्प्युटर तेव्हा नवी जादू होती. २००० साली, मानवी जनुकसंचाचा पहिला मसुदा जाहीर झाला त्याच वर्षी, केलर यांचं जनुकाच्या शतकावरचं पुस्तक आलं. त्यांचा मुद्दा हा की या शतकभराच्या संशोधनाने जनुकाला मोठं केलं आणि त्याच संशोधनाने 'जनुक म्हणजे एक स्वतंत्र तुकडा, एक काम' ही कल्पना मोडीतही काढली. माणसाची जनुकं लाखभर निघतील असा अनेकांचा होरा होता. निघाली वीस हजारांच्या आसपास, म्हणजे एक मिलिमीटरच्या एका गोलकृमीइतकीच. फळमाशीच्या डीस्कॅम नावाच्या एकाच जनुकापासून तुकडे वेगवेगळे जोडून ३८,०१६ प्रकारची प्रथिनं बनू शकतात. कोणते तुकडे जोडायचे हे ते जनुक एकटं ठरवत नाही, पेशीची यंत्रणा ठरवते.

तुम्ही म्हणाल, कोड तर आहेच ना? आहे. तीन अक्षरांचा एक शब्द, असे ६४ शब्द, त्यांतून वीस अमिनो आम्लं. हा तक्ता खराखुरा कोड आहे आणि केलर तो नाकारत नाहीत. पण असा तक्ता म्हणजे प्रोग्रॅम नव्हे. तुमच्या यकृतातल्या आणि डोळ्यातल्या पेशीत डीएनए जवळपास तोच आहे. एकच प्रोग्रॅम दोन ठिकाणी इतका वेगळा चालत असेल, तर फरक ठरवणारी गोष्ट प्रोग्रॅमबाहेरही आहे. डॉलीच्या वेळी मेंढीच्या आचळातल्या पेशीचं केंद्रक रिकाम्या अंड्यात घातलं, तेव्हा त्या अंड्यातल्या द्रवाने त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग प्रोग्रॅम कोणता आणि डेटा कोणता? हाच प्रश्न ओन्री आत्लां या दुसऱ्या एका जैवभौतिकीतल्या तत्त्वज्ञाने मोशे कोपेलबरोबर १९९० साली विचारला होता. डीएनएला डेटा आणि पेशीला कॉम्प्युटर मानलं तरी चित्र तितकंच जुळतं. केलर यांचं उत्तर असं की प्रोग्रॅम म्हणायचंच असेल तर तो अख्ख्या पेशीत पसरलेला आहे, एका रेणूत नाही.

आणि तो 'किती टक्के आनुवंशिक' हा लाडका प्रश्न. केलर यांनी २०१० साली त्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. मी ते आपल्या भाषेत सांगते. तुम्ही लॉगिन केलंत आणि ते झालं. यात पासवर्डचा वाटा किती टक्के आणि सर्व्हरचा किती? प्रश्नच बरोबर नाही. दोन्हींपैकी एक काढलं की लॉगिनच नाही. आता समजा, सर्व्हर सगळ्यांसाठी अगदी सारखा चालतोय आणि शंभरातल्या दहा जणांचं लॉगिन होत नाही. मग त्या शंभर जणांमधला फरक १०० टक्के पासवर्डमुळे आहे, हे विधान खरं आहे. यावरून लॉगिनमध्ये सर्व्हरचा वाटा शून्य, असं कोणी म्हटलं तर तुम्ही त्याला इंटरव्ह्यूत नापास कराल. पण 'बुद्धिमत्ता इतके टक्के जनुकांत असते' असं ऐकल्यावर आपण मान डोलावतो. तो आकडा एका ठरावीक गटातल्या, ठरावीक परिस्थितीतल्या फरकांबद्दल असतो. तो एका माणसाबद्दल काहीच सांगत नाही. परिस्थिती बदलली की आकडाही बदलतो.

आपल्याकडे हे जास्त घातक आहे. खाण तशी माती, रक्तातच असावं लागतं, हे आपल्या आज्या-पणज्या म्हणत आल्या. कोण कुठे जन्मला यावरून तो काय करू शकेल हे ठरवायची आपल्याला जुनी सवय आहे. आज तेच वाक्य उघड बोलायला लोक कचरतात. 'डीएनए' म्हटलं की चालतं, कारण ते विज्ञान वाटतं.

केलर यांच्याबद्दल एक आक्षेप नेहमी येतो की त्यांनी विज्ञान सोडलं आणि बाहेरून टीका केली. दुसरा जास्त गंभीर आहे. १९८३ साली त्यांनी बार्बरा मॅक्लिंटॉक यांचं चरित्र लिहिलं. मक्याच्या दाण्यांवरून उड्या मारणारी जनुकं ओळखणारी ही शास्त्रज्ञ. त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं आणि दुर्लक्षित एकाकी बाईची गोष्ट जगभर गाजली. पुढे इतिहासकार नेथॅनिएल कम्फर्ट यांनी दाखवलं की मॅक्लिंटॉक काही वाळीत पडलेल्या नव्हत्या. १९४४ सालीच त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्य होत्या. जनुकं जागा बदलतात हे लोकांनी मानलं होतं. त्यावरून त्यांनी बांधलेला नियंत्रणाचा सिद्धांत मानला नव्हता. मला हा आक्षेप बराचसा पटतो. गोष्ट सांगताना केलरही एका नायिकेच्या मोहात पडल्या असाव्यात. ज्या चुकीबद्दल त्यांनी आयुष्यभर सावध केलं, ती त्यांच्याकडूनही झाली. यातून ती चूक किती सहज होते एवढं कळतं, मुद्दा खोटा पडत नाही.

विज्ञान सोडल्याचा आरोप मात्र मला मान्य नाही. आपल्याच शास्त्राचे शब्द तपासणं हे त्या शास्त्राचंच काम आहे. आपण नाही का, व्हेरिएबलच्या नावावरून तासभर वाद घालत? चुकीचं नाव ठेवलं की पुढचा माणूस चुकीचा विचार करतो, म्हणूनच ना? 'प्रोग्रॅम', 'मूळ कारण', 'लीडर' ही तशीच नावं आहेत. कॉलेजात चार वर्षांत मला एकाही विषयात कोणी हे शिकवलं नाही. विज्ञानाचं तत्त्वज्ञान हा निवृत्तीनंतरचा उद्योग आहे, असंच मीही समजत होते.

गेल्या वर्षी मी आमच्या टीमच्या फॉर्ममधला 'मूळ कारण' रकाना काढून 'कोणकोणत्या गोष्टी एकत्र आल्या' असा केला. थोडी कुरकुर झाली. मग पहिल्याच वेळी त्यात सहा ओळी आल्या, आणि त्यातल्या एकीत, मंजुरी देणाऱ्यांत, माझंही नाव होतं. त्या मुलाला मी मेसेज केला. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, एवढंच लिहिलं. त्याने अंगठा पाठवला, बाकी काही नाही. तो आता दुसरीकडे काम करतो, चांगलं करतो असं ऐकते.

तुमच्या ऑफिसात, घरात, लग्नाच्या बोलणीत कोणी 'डीएनएमध्येच नाही' म्हणालं, तर तुम्ही तरी गप्प बसू नका. कोडमधलं आपल्याला कळतं असं लोक समजतात. मग हा कोड नाही, हे आपल्याच तोंडून ऐकू देत त्यांना.