स्वाध्यायाला बसलेल्या मुलीला हाक मारू नका



आपल्या पुंडलिकनगरात नळाला पाणी येणं हा एक छोटा सणच असतो. कितीतरी दिवसांनी पाणी येतं, मग घरातलं माणूस न माणूस कामाला लागतं. कुणी मोटर लावतं, कुणी टाकी बघतं, कुणी पिंप भरतं. गेल्या चातुर्मासात असंच एका संध्याकाळी पाणी आलं आणि मी आतून हाक मारली, "अगं, ये लवकर, पाणी आलंय!" माझी अकरावीतली मुलगी लॅपटॉपसमोर बसली होती. म्हणाली, "मम्मी, लेक्चर चालू आहे." मी म्हटलं, "व्हिडिओच आहे ना? थांबव आणि ये. नंतर बघ."

ती उठली. पाणी भरलं. मग चौविहाराची वेळ झाली म्हणून पोळ्या लाटायला थांबली. त्यानंतर आजींचे पाय दाबले. थांबवलेला तो व्हिडिओ त्या दिवशी पुन्हा सुरू झालाच नाही.

"थांबव आणि ये" हे वाक्य मी त्या चार महिन्यांत किती वेळा बोलले असेन, ते तेव्हा लक्षात आलं नाही. लक्षात आलं ऑक्टोबरात, तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवून दाखवला तेव्हा. तिने एनपीटीईएलवरचा पायथन प्रोग्रॅमिंगचा बारा आठवड्यांचा कोर्स घेतला होता. आयआयटी रोपरचे प्राध्यापक शिकवतात, नाव 'द जॉय ऑफ कम्प्युटिंग युजिंग पायथन'. दर आठवड्याला एक गृहपाठ ऑनलाईन भरायचा आणि शेवटी परीक्षा. गृहपाठाचे २५ गुण आणि परीक्षेचे ७५. बारापैकी सर्वांत चांगले आठ गृहपाठ धरतात आणि प्रमाणपत्रासाठी गृहपाठांत २५ पैकी किमान १० गुण लागतात. माझ्या लेकीचे गृहपाठ वेळेत गेले होते फक्त तीन. म्हणजे परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले असते तरी प्रमाणपत्र मिळणार नव्हतं. ती परीक्षेला बसलीच नाही.

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मम्मी, दादा क्लासला जायचा तेव्हा तू त्याला पाणी भरायला बोलावलं होतंस का?"

मैत्रिणींनो, त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मुलगा दोन वर्षं क्लासला गेला. त्या वेळात आम्ही त्याला फोनसुद्धा करत नव्हतो. घरी टेस्ट सीरिज सोडवायचा तेव्हा टीव्हीचा आवाज बंद, पाहुणे आले तरी "तो अभ्यासाला बसलाय". लेक मात्र घरात बसून आयआयटीच्या प्राध्यापकांकडून शिकत होती आणि घराला ती रिकामी दिसत होती. आजचा लेख या माझ्या चुकीवर आहे. ती एकट्या माझ्याच घरात होत नसणार, म्हणून लिहिते आहे.

आधी हे ऑनलाईन कोर्स काय आहेत ते सांगते, कारण बऱ्याच जणींना वाटतं की ऑनलाईन म्हणजे यूट्यूबवर काहीतरी बघणं. एनपीटीईएल हा आयआयटी आणि बंगळूरूची आयआयएससी यांनी मिळून २००३ मध्ये सुरू केलेला उपक्रम आहे. केंद्र सरकारचं 'स्वयम्' हे व्यासपीठ २०१७ पासून आहे. त्यावर कॉलेजचे कोर्स आहेत, तसेच एनसीईआरटीचे अकरावी-बारावीचेही आहेत. शिकणं मोफत. एनपीटीईएलची परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच शुल्क, तेही साधारण हजार रुपयांच्या आसपास. परीक्षा घरबसल्या नसते, केंद्रावर जाऊन द्यावी लागते, म्हणून त्या प्रमाणपत्राला किंमत आहे. जेईई-नीटच्या तयारीसाठी शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांचं 'साथी' आहे, तेही मोफत.

आणि आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा बीएस अभ्यासक्रम. तो २०२० मध्ये सुरू झाला. त्याला जेईई लागत नाही. मुलगी कॉमर्सची किंवा आर्ट्सची असली तरी चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी झालेलं हवं. अकरावीची परीक्षा दिलेल्या मुलीही त्याच्या पात्रता फेरीला बसू शकतात. आधी चार आठवडे शिकवतात, मग त्यावरच परीक्षा घेतात. पास झाली तर बारावीनंतर प्रवेश. आपल्या समाजात किती मुली "गणित चांगलं आहे, पण कॉमर्सच घे, घराजवळचं कॉलेज बरं" असं ऐकून कॉमर्सला जातात! त्यांच्यासाठी हे दार उघडं आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आपल्या मुलींसाठी याचं मोल जास्त का, तेही बोलू. मुलगा हुशार निघाला की कोटा, लातूर, पुणे अशी नावं घरात निघतात. मुलगी हुशार निघाली की पहिला प्रश्न राहण्याचा आणि दुसरा जेवणाचा. हॉस्टेलला कांदा-बटाट्याशिवाय कोण देणार, सूर्यास्ताआधी कोण वाढणार? हे प्रश्न खोटे नाहीत. मीही विचारले आहेत. पण त्या काळजीच्या आड आपण मुलीचं पुढचं शिक्षणच मागे ठेवतो, हेही खरं आहे. आता शिकवणारेच घरात आले आहेत. चौविहार मोडत नाही, जमीकंदाचा प्रश्न येत नाही, रात्री उशिरा रिक्षाची वाट बघावी लागत नाही. मग आता कोणतं कारण उरलं? उरलं फक्त आपलं "थांबव आणि ये".

घरी राहून शिकणं आपल्याला नवीन नाही, हे मला सासूबाईंनी लक्षात आणून दिलं. आचार्य आनंदऋषीजींच्या प्रेरणेने पाथर्डीला धार्मिक परीक्षा बोर्ड उभं राहिलं. त्याच्या परीक्षा आपल्या कितीतरी आज्यांनी आणि आयांनी घरचं सगळं करून दिल्या आहेत. पुस्तक घरी, अभ्यास घरी, परीक्षा केंद्रावर. सासूबाई म्हणाल्या, "मी परीक्षेचा अभ्यास करायचे तेव्हा माझी सासू मला उठवायची नाही. म्हणायची, ज्ञानाची अंतराय कशाला बांधू?" एवढं बोलून त्या गप्प बसल्या, पण मला कळायचं ते कळलं. दुसऱ्याच्या ज्ञानात अडथळा आणला की ज्ञानावरणीय कर्म बांधलं जातं, हे मी पाठशाळेत मुलांना शिकवते. पाणी भरायला हाक मारताना ते आठवलं नाही.

भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंक शिकवले, ही कथा आपण लेकींना लहानपणी सांगतो. म्हणजे आपल्या परंपरेत गणिताची पहिली विद्यार्थिनी घरातली लेकच आहे. मुंबईत श्राविकाश्रम उभा करणाऱ्या मगनबेन आणि सोलापूरच्या पंडिता सुमतीबाई शहा यांनी याच विश्वासावर बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलं. त्यांना इमारती बांधाव्या लागल्या, देणग्या मागाव्या लागल्या. आपल्याला काय द्यायचं आहे? एक टेबल, एक दार आणि थोडा वेळ.

पण फक्त वेळ दिला की झालं, असंही नाही. आपल्याकडे स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. परंपरेप्रमाणे नावांत थोडा फरक असेल, अर्थ तोच. गंमत म्हणजे शाळेच्या पुस्तकात धड्याखालच्या प्रश्नांनाही 'स्वाध्याय' म्हणतात. या पाच कसोट्या मी ऑनलाईन कोर्सला लावून पाहिल्या. वाचना, म्हणजे गुरूकडून पाठ घेणं, ते व्हिडिओ उत्तम देतो. परिवर्तना, म्हणजे उजळणी, तीही होते, कारण तोच पाठ दहा वेळा ऐकता येतो. अनुप्रेक्षा, म्हणजे मनात घोळवणं, हे मुलीने स्वतः करायचं, त्यासाठी शांतता हवी. पण पृच्छना? अडलं तर विचारायचं कुणाला? कोर्सवर प्रश्न विचारायची सोय असते, तरी सोळा वर्षांची मुलगी अनोळखी लोकांसमोर इंग्रजीत प्रश्न लिहायला लाजते. आणि धर्मकथा, म्हणजे शिकलेलं दुसऱ्याला सांगणं, त्यासाठी समोर कुणीतरी लागतंच.

एकटी बसणारी मुलगी इथेच मागे पडते. कोर्स अवघड असतो म्हणून नाही, तर तिसऱ्या आठवड्यात अडलेला प्रश्न चौथ्या आठवड्यातही अडलेलाच राहतो म्हणून. तेव्हा माझं म्हणणं असं आहे.

पहिलं, वेळ ठरवा आणि ती सामायिकासारखी पाळा. सामायिकाला बसलेल्या बाईला घरात कुणी हाक मारत नाही. कुकरची शिट्टी झाली तरी दुसरं कुणीतरी गॅस बंद करतं. ४८ मिनिटं ती कुणाचीच नसते. रोज एवढीच ४८ मिनिटं मुलीच्या अभ्यासाला द्या. आपल्या घरांना तर एक देणगीच आहे. इतर घरांत रात्री नऊपर्यंत स्वयंपाकघर चालू असतं, आपलं सूर्यास्ताला बंद होतं. प्रतिक्रमण झालं की पुढचा वेळ मोकळा. तो आपण मालिकांना देतो. मुलींना देऊ या.

दुसरं, मुलींना एकत्र बसवा. आमच्या स्थानकाचा हॉल चातुर्मास सोडला तर बहुतेक दुपारी बंद असतो. गारखेडा, पुंडलिकनगर, जवाहर कॉलनी या भागातल्या चार-पाच मुलींनी रविवारी दोन तास तिथे एकत्र बसून एकच कोर्स केला, तर पृच्छना आपोआप होईल. समाजात निवृत्त प्राध्यापक आहेत, इंजिनिअर सुना आहेत. त्यांच्यापैकी कुणी आठवड्यातून एक तास आलं तरी पुरे. ज्ञानदान म्हणून आपण पुस्तकं छापतो, तसं हॉलला वायफाय द्यायला काय हरकत आहे?

तिसरं, ज्युनिअर कॉलेजला विचारा. पदवीच्या कॉलेजांना एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून करू द्यायला यूजीसीने परवानगी दिली आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना निदान संगणक कक्षात बसायला जागा आणि लक्ष द्यायला एक शिक्षक मिळावा, एवढी मागणी पालकसभेत करता येते. ज्यांच्या घरी लॅपटॉप नाही, त्यांच्यासाठी तर हे फारच गरजेचं आहे.

तुमच्या मनात शंका येतील, माझ्याही आल्या होत्या. "करोनात ऑनलाईन शाळा पाहिली, मुलं काही शिकली नाहीत." खरं आहे. पण तेव्हा शाळेच्या जागी मोबाईल आला होता, आणि तोही सक्तीने. हा अभ्यास शाळेच्या जागी नाही, शाळेच्या पुढचा आहे आणि मुलीने स्वतः मागितलेला आहे. "मोबाईलची सवय लागेल." म्हणूनच खोलीत एकटी नको, हॉलमध्ये सगळ्यांसोबत किंवा घरातल्या ठरलेल्या टेबलावर बसू दे. "फसवणूक होते." तीही होते. हप्त्यांवर हजारोंचे कोर्स विकणारे फोन मलाही आले आहेत. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना सावध केलं होतं की 'मोफत' शब्दाला भुलू नका आणि खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी देऊ नका. आधी सरकारी आणि आयआयटीचे कोर्स बघा, पैसे भरायचा विचार नंतर.

आणि एक सांगणं मुलींना. एका वेळी एकच कोर्स घ्या. पाच ठिकाणी नाव नोंदवून एकही पूर्ण न करणं, किंवा प्रमाणपत्रांची फाईल जाड करत बसणं, हाही परिग्रहच आहे. आणि ज्या मुलीला हे नकोच आहे, तिच्या मागे लागू नका. चित्र काढणारीला चित्र काढू द्या.

आमच्या घरातलं सांगते. यंदा लेकीने तोच कोर्स पुन्हा घेतला आहे. जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे नेमका चातुर्मास. पर्युषणातले आठ दिवस धरून तिने आधीच वेळापत्रक केलं आहे. सोबत गल्लीतल्या दोघी आहेत. रात्री साडेसात ते सव्वाआठ तिचं दार बंद असतं. परवा नेमकं त्याच वेळी पाणी आलं. सवयीने हाक तोंडापर्यंत आली होती. मी मुलाकडे पाहिलं. तो उठला, मोटर लावली आणि पिंपंही भरली. त्याला जमतं, हे मला वीस वर्षांनी कळलं.

तुमच्या घरी अशी कुणी अभ्यासाला बसली असेल, तर आज एकदा हाक गिळून बघा.

लिहिण्यात कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.