मिश्र माध्यम आणि मिश्र वाक्य



एक प्रधान वाक्य आणि त्यावर अवलंबून असलेली एक वा अधिक गौण वाक्ये, ही मिश्र वाक्याची व्याख्या आपणांस परिचित आहे. गौण वाक्याला स्वतःचे क्रियापद असते. तथापि पूर्ण अर्थासाठी त्याला प्रधान वाक्याचा आश्रय लागतो. समकालीन शिल्पकलेतील ‘मिश्र माध्यम’ ही संज्ञा याच अंगाने समजून घ्यावी, असे मला वाटते.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने २००२ मध्ये ‘थ्रोन ऑफ वेपन्स’, म्हणजेच ‘शस्त्रांचे सिंहासन’, हे शिल्प खरेदी केले. मोझांबिकचे शिल्पकार केस्टर यांनी ते २००१ मध्ये निकामी बंदुकांचे भाग जोडून घडविले. त्या देशात १९७७ ते १९९२ या काळात गृहयुद्ध चालले. पुढे १९९५ मध्ये ख्रिस्ती धर्मसंस्थांच्या पुढाकाराने एक योजना सुरू झाली. लोकांनी दडवलेली शस्त्रे आणून द्यावीत आणि मोबदल्यात शिवणयंत्रे, सायकली, शेतीची अवजारे न्यावीत, असे तिचे स्वरूप होते. त्यांतील काही शस्त्रे कलावंतांच्या हाती आली.

या बंदुका वितळवून खुर्ची ओतली असती, तर केवळ लोखंड उरले असते. येथे मात्र दस्ता दस्ताच राहिला आहे आणि नळी नळीच. खुर्ची हे प्रधान वाक्य. प्रत्येक भाग हे आपले क्रियापद जपणारे गौण वाक्य. ते क्रियापद ‘मारणे’ हे आहे, आणि त्याला आता ‘बसणे’ या क्रियापदाच्या अधीन व्हावे लागले आहे.

काळाच्या कसोटीला न उतरलेल्या कलाकृती संग्रहालयाने विकत का घ्याव्यात, असा आक्षेप घेतला जातो. माझे उत्तर असे की, आज घेतलेल्या वस्तूचा कर्ता बहुधा हयात असतो. त्याला विचारता येते. शतकांपूर्वीच्या कित्येक मूर्तींबाबत ही वाट कायमची बंद झालेली आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : काचेआड गेलेली साक्ष शोभेची वस्तू होते. ही भीती निराधार नाही. नोंदवहीत ‘साहित्य : लाकूड व धातू’ एवढेच लिहिले, तर ते असत्य ठरणार नाही, परंतु सर्व गौण वाक्ये गाळली जातील. या बंदुका आफ्रिकेबाहेर बनल्या होत्या, हे त्या नोंदीतून कळणार नाही. त्या कशाच्या बदल्यात परत आल्या, हेही कळणार नाही. खरेदीनंतर हे शिल्प ब्रिटनमधील शाळांत व तुरुंगातही नेण्यात आले, ही गोष्ट म्हणूनच मोलाची वाटते.

तात्पर्य, संग्रहालयाने समकालीन शिल्प अवश्य घ्यावे. मात्र वस्तूबरोबर तिचे संपूर्ण वाक्यही घ्यावे. किंमत चुकती केल्याने मालकी मिळते. अर्थाची जबाबदारी नोंद लिहिणाऱ्याच्या भाषेवर असते, आणि भाषेच्या अभ्यासकाचे काम तेथूनच सुरू होते.