गोधडी भिंतीवर गेली, शिवणारीचे काय?

कापडाला कलादालनात जागा मिळाली याचा आनंद आपण सर्वांनीच मानला. चित्र-शिल्प म्हणजे कला आणि शिवणटिपण म्हणजे बायकांचा फावल्या वेळचा उद्योग, ही उतरंड पुरुषप्रधान व्यवस्थेचीच. मृणालिनी मुखर्जींनी रंगवलेल्या दोरांना गाठी मारून भव्य शिल्पे उभी केली, तेव्हा ती हलली. पण मोडली का?

सोलापूरच्या पूर्व भागात कापड म्हणजे आधी श्रम. विणकरांच्या घरात मागावर पुरुष बसे. सूत उकलणे, कांड्या भरणे बाईकडे. विणकर म्हणून ओळख त्याची, तिचा नुसता ‘हातभार’. यंत्रमाग आले तरी कांड्या भरणे आणि टॉवेल शिवणे तिच्याकडेच राहिले. हजारो जणी विड्या वळू लागल्या. आज सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. गावाच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. बाईच्या नावाला कोण देणार?

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या कलाकाराने आमच्या बचत गटाकडून गोधड्या शिवून घेतल्या. जुनी लुगडी आमची, ठिगळांची मांडणी आमची, धावदोरा आमचा. दिवसा विड्या वळून बायका रात्री शिवत होत्या. प्रदर्शनाला आम्ही सहाजणी गेलो. भिंतीवर कलाकाराचे नाव ठळक, खाली बारीक अक्षरांत ‘सोलापूरच्या महिलांच्या सहकार्याने’. मी विचारले, नावे का नाहीत? संयोजक म्हणाले, “ताई, ही सामूहिक कला आहे. इथे व्यक्ती गौण असते.” मग एकच व्यक्ती ठळक कशी, याला उत्तर नव्हते.

आमच्यातल्या अक्का गोधडीच्या एका कोपऱ्याकडे बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, “हा काठ माझ्या आईच्या लुगड्याचा. आणि नाव कुणाचं लावलंय?” घरी येऊन हिशेब केला. मिळालेली रक्कम तासांवर वाटली, तर विड्यांच्या मजुरीपेक्षाही कमी भरली. चूक माझीही होती. ‘बायकांच्या कलेचा सन्मान’ या शब्दांना भुलून मी लेखी करार न करता होकार दिला होता.

कुणी म्हणेल, नावाचा एवढा हट्ट कशाला? अमेरिकेत जुडी शिकागोंचे ‘द डिनर पार्टी’ १९७९ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी चारशेहून अधिक जणांचे हात लागले आणि त्यांची नावे सोबतच्या फलकांवर लिहिली गेली. म्हणजे नावे लिहिता येतात! पण त्यांतल्या बहुतेकांनी विनामोबदला काम केले, ही टीका स्त्रीवाद्यांनाही टाळता आली नाही. नुसत्या नावाने चूल पेटत नाही.

उलट १९७३ नंतर चिलीतल्या लष्करी राजवटीत बायकांनी चिंध्या शिवून बेपत्ता माणसांची चित्रे केली. अनेकींनी त्यावर नाव घातले नाही, कारण जिवाला धोका होता. ती चित्रे चर्चच्या मदतीने परदेशात विकली गेली आणि पैसे त्यांच्या घरी आले. तिथे निनावी राहणे हा बायकांचा निर्णय होता. आमच्या बाबतीत तो दुसऱ्याने घेतला. फरक इथे आहे.

“कल्पना कलाकाराची, तुम्ही फक्त शिवलेत,” असेही ऐकले. कोणता तुकडा कुठे बसेल, विटलेल्या रंगाशेजारी कोणता रंग उठून दिसेल, हे ठरवणे ही कल्पना नाही काय? डोके एकाचे आणि हात दुसरीचे ही विभागणी गिरणीमालकांचीही होती. कलेच्या नावाखाली आपण ती का मान्य करावी?

घरी बसून काम करणाऱ्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. त्यासाठी लढायचेच आहे. पण तोवर आपल्या हातात जे आहे ते तरी करू. यापुढे कापडकामासाठी कुणी दारी आले तर प्रत्येक संघटनेने चार गोष्टी लिहून घ्याव्यात: तासांप्रमाणे मजुरी, जिची इच्छा असेल तिचे नाव कलाकाराच्या नावाशेजारी, विक्रीत वाटा, आणि नको असेल तर नाही म्हणण्याचा हक्क. हे मान्य नसेल, तर कलाकाराने सुई स्वतः हातात धरावी.

आमच्या गटाने आता वही घातली आहे. पहिल्या पानावर शिवणाऱ्या प्रत्येकीचे नाव आहे, तिच्याच अक्षरात. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांनी ते दोऱ्याने शिवले आहे.