कावळा, फांदी आणि सिक्युअर बूट

मंडळी, आजचा विषय टेक्निकल आहे, पण तक्रार टेक्निकल नाही. तक्रार आहे ती आपल्यासारख्या इंजिनियर म्हणवून घेणाऱ्या लोकांच्या विचार करण्याच्या पद्धतीबद्दल.

प्रसंग नेहमीचाच. चालू कॉम्प्युटर मध्येच पडतो आणि आपोआप परत सुरू होतो. कधी दिवसातून तीनदा, कधी आठवडाभर काहीच नाही. मालक शोधत शोधत इव्हेंट व्ह्यूअरपर्यंत पोचतो. तिथे लाल खुणांची जत्रा भरलेली असते. त्यात दोन ओळी अगदी जवळजवळ दिसतात. एक कर्नल-पॉवर ४१. दुसरी टीपीएम-डब्ल्यूएमआय १८०१, जिचं म्हणणं असं की सिक्युअर बूटची सर्टिफिकेटं अपडेट व्हायची आहेत. झालं! आरोपी सापडला. नावात 'सिक्युअर' आहे, शेजारी 'टीपीएम' आहे, रंग लाल आहे, अजून पुरावा कशाला हवा? लगेच सल्ला तयार: बायोसमध्ये जा, सिक्युअर बूट बंद कर, टीपीएम क्लिअर कर, आणि नाहीच जमलं तर फॉरमॅट मार.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असं आपण म्हणतो. इथे तर त्याहून मोठी गंमत आहे. इथे फांदी आधी तुटते आणि कावळा नंतर येऊन बसतो!

कसं ते बघा. सिक्युअर बूटची मूळ सर्टिफिकेटं २०११ सालची. त्यांची मुदत जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने संपते. म्हणून मायक्रोसॉफ्टने नवी, २०२३ ची सर्टिफिकेटं मशीनच्या फर्मवेअरमध्ये घालायचं काम काढलं. त्यासाठी विंडोजमध्ये एक शेड्यूल्ड टास्क आहे. ती मशीन सुरू होताना चालते आणि नंतर दर १२ तासांनी. काम बाकी असेल तर १८०१ लिहून मोकळी होते. म्हणजे मशीन पडलं, परत उठलं, टास्क चालली, लाल ओळ आली. क्रॅशमुळे ओळ आली, ओळीमुळे क्रॅश नाही. आणि ४१ नंबरची ओळही रीस्टार्टनंतरच लिहिली जाते. "मागच्या वेळी नीट शटडाऊन न होता बंद पडलो होतो" एवढंच ती सांगते. हा पंचनामा झाला, पोस्टमॉर्टेम नव्हे.

सिक्युअर बूट म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. बूट लोडरवर योग्य सही आहे का हे तो आत सोडताना तपासतो. विंडोज सुरू झालं की त्याची मुख्य ड्यूटी संपली. तुम्ही दुपारी चार वाजता एक्सेलमध्ये काम करत असताना तिसऱ्या मजल्यावरचा पंखा पडला, तर गेटवरच्या वॉचमनला नोकरीवरून काढून काय होणार? पंखा तर पुन्हा पडणारच, वर चोरही आत येणार. सर्टिफिकेटाची मुदत संपली तरी मशीन सुरू व्हायचं थांबत नाही. फक्त बूटच्या पातळीवरचे नवे सिक्युरिटी अपडेट त्याला मिळत नाहीत.

"बंद करून बघायला काय जातं?" असं विचारणाऱ्यांसाठी एक खरा किस्सा. माझ्या एका मित्राचे वडील टॅक्सची कामं करतात. त्यांचा लॅपटॉप असाच अधूनमधून पडायचा. दुकानातल्या माणसाने लाल ओळ बघून टीपीएम क्लिअर केलं. पुढच्या बूटला बिटलॉकरने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. काकांनी बिटलॉकर हा शब्दच त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. विंडोज ११ अनेक मशीनवर सेटअपच्या वेळीच डिस्क एन्क्रिप्ट करून टाकतं, आणि की त्या वेळी वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाते. ते अकाउंट कोणाचं, पासवर्ड काय, कोणालाच आठवेना. अकरा वर्षांचं काम आणि आजीचे शेवटचे फोटो कायमचे गेले. आणि फॉरमॅट मारून घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी लॅपटॉप पुन्हा पडला! शेवटी निघाली ती खराब रॅम. हे जातं, मंडळी.

मला राग दुकानदाराचा कमी येतो. त्याला दिवसात वीस मशीन उरकायची असतात. राग येतो तो आपल्या जमातीचा. ऑफिसात प्रॉडक्शन सर्व्हर दहा मिनिटं पडला तर आपण रूट कॉज अ‍ॅनालिसिस मागतो, टाइमलाइन काढतो, "कोरिलेशन म्हणजे कॉजेशन नव्हे" असं मीटिंगमध्ये ऐटीत सांगतो. आणि घरी काकांचा फोन आला की म्हणतो, "सिक्युअर बूट बंद करून बघा ना." लिंबू-मिरची टांगणाऱ्याला हसायचा हक्क आपल्याला उरत नाही.

दुसरा राग कंपन्यांचा. एक बाकी राहिलेलं काम सामान्य माणसाला लाल 'एरर' म्हणून दाखवायचं, आणि त्याचा क्रॅशशी संबंध नाही हे तिथे सांगायचंच नाही, हे कुठलं शहाणपण? मदरबोर्डवाल्यांचं तर विचारूच नका. २०२४ मध्ये बायनार्ली या कंपनीने उघड केलं की बाजारातल्या शेकडो मॉडेलमध्ये सिक्युअर बूटची मुख्य किल्ली म्हणून टेस्टिंगची किल्लीच राहून गेली होती. तिच्या नावातच 'विश्वास ठेवू नका' असं इंग्रजीत लिहिलेलं! फर्मवेअर हा कोणाच्याच जबाबदारीचा नसलेला जिना आहे, झाडायला कोणी येत नाही.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. फर्मवेअर नेहमी निर्दोष असतं असं मी म्हणत नाहीये. एएमडीच्या काही मशीन फर्मवेअर टीपीएममुळे मध्येच अडखळत होत्या, आणि कंपनीने मार्च २०२२ मध्ये ते मान्य केलं आणि नंतर बायोस अपडेट दिला. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचं प्रकरण तर त्याहून गंभीर. मायक्रोकोड चुकीचं, जास्त व्होल्टेज मागत होता आणि चिप हळूहळू खराब होत होती. २०२४ मध्ये दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली, पण खराब झालेली चिप अपडेटने बरी होत नाही. गंमत म्हणजे त्या क्रॅशमध्ये अनेक गेम 'व्हिडिओ मेमरी संपली' असा एरर दाखवत. लोक ग्राफिक्स कार्डाला शिव्या देत होते आणि चोर प्रोसेसरमध्ये बसला होता. म्हणजे मुद्दा तोच. एरर काय म्हणतो यापेक्षा तो कधी आणि कशामुळे आला, ते बघा.

मग करायचं काय? ४१ च्या डिटेल्समध्ये बगचेक कोड बघा. तो शून्य असेल तर विंडोजला शेवटचा शब्दसुद्धा बोलता आला नाही. एसएमपीएस, इन्व्हर्टर, तापमान, ढिली वायर यांच्यापासून सुरुवात करा. मे महिन्यातली धूळ भरलेली कॅबिनेट आधी उघडा. कोड असेल तर विंडोज फोल्डरमधल्या मिनीडंपमध्ये फाइल असते का बघा, ती विनडीबगमध्ये उघडा. डब्ल्यूएचईए नावाच्या नोंदी दिसल्या तर हार्डवेअरकडे वळा. रॅमचं एक्सएमपी बंद करा, रात्रभर मेमटेस्ट लावा. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहायचा. बायोस अपडेट जरूर करा, पण बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच, बिटलॉकर सस्पेंड करून आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून घेऊन.

याला एक वीकएंड जातो, मान्य. फॉरमॅटला दोन तास लागतात. पण फॉरमॅटनंतर तुम्हाला काय बिघडलं होतं ते कळत नाही, फक्त पुढच्या क्रॅशपर्यंत बरं वाटतं.

असो. या रविवारी घरातल्या प्रत्येक लॅपटॉपची रिकव्हरी की तेवढी शोधून ठेवा. आई-बाबांच्या लॅपटॉपची आधी.